चहाच्या वेळेची हाळी

तोफवहिनी हे काही तिचं खरं नाव नव्हे. आईबापांनी चारचौघींसारखं चांगलं नाव ठेवलं होतं. पण लग्न होऊन ती बेटावर आली आणि पहिल्याच महिन्यात किनाऱ्यावर उभं राहून तिनं अशी काही हाक मारली, की बेटाच्या दुसऱ्या टोकाला दुपारची झोप काढत पडलेला एक म्हातारा धडपडत उठून बसला म्हणतात. धाकट्या नणंदेनं तिथल्या तिथं नाव ठेवून टाकलं, तोफवहिनी. नणंदेची वहिनी ती मग सगळ्या बेटाचीच वहिनी झाली. सासऱ्याच्या वयाची माणसंही तिला वहिनी म्हणत आणि नाक पुसता न येणारी पोरंही वहिनीच म्हणत. नवरा मात्र काहीच म्हणत नसे. तो मुळातच अबोल. लोक म्हणायचे, बिचाऱ्याला त्या घरात बोलायला जागा उरलीच कुठे?

चेष्टा सोडा, पण त्या आवाजाचं बेटावर मोठं काम होतं. बेटाला धक्का नव्हता. दोन्ही टोकांना खडक आणि मधे वाळूचा किनारा. नाव पाण्यात बांधून ठेवावी तर सकाळपर्यंत खडकांनी तिच्या फळ्या मोजून परत दिल्या असत्या. म्हणून समुद्रावरून आलेली प्रत्येक नाव वाळूवर ओढून घ्यावी लागे. आणि ती जाडजूड लाकडाची नाव ओढणं म्हणजे दोघातिघांचा खेळ नव्हे. त्यासाठी सगळं गाव लागायचं, आणि गाव गोळा करायला हाळी लागायची.

“दोराला धावाऽऽ!”

एवढंच. हे कानावर पडलं की हातातलं काम हातात राहायचं नाही. पीठ मळणारी पिठाच्या हातानं धावायची, दाढी करणारा एका गालाला साबण तसाच ठेवून धावायचा. कालच कचाकचा भांडलेले दोघे एकाच दोराला हात घालायचे आणि नाव वर आली की पुन्हा तोंडं फिरवून घरी जायचे. कुणी कुणाला बोलावणं धाडत नसे, कुणी आभार मानत नसे.

आणि हाळी देणारीचं काम नुसतं ओरडण्याचं नव्हतं. दोर धरणाऱ्यांची समुद्राकडे पाठ असते, लाट त्यांना दिसत नाही. ती बघायची हाळी देणारीनं. ती गुडघाभर पाण्यात उभी राहायची. लाट नावेखाली शिरून नाव उचलायला लागली की “ओढ!” आणि लाट परतायला लागली की “धर!” परतणाऱ्या लाटेवर चुकूनसुद्धा ओढायचं नाही. ओढलं तर नाव आडवी होते, आणि आडव्या नावेच्या खाली कोण सापडलं याचं नावेला काही सोयरसुतक नसतं. वहिनी इतकी वर्षं हाळी देत होती, पण तिच्या हाळीवर कुणाचं बोटसुद्धा चेंगरलं नव्हतं.

हाळीचा एकच कायदा होता. गंमत म्हणून ती द्यायची नाही. वहिनीचा लेक लहान असताना एकदा झाडावर बसून “दोराला धावाऽऽ” म्हणून खिदळला. अर्धं गाव पळत किनाऱ्यावर गेलं. वहिनीनं त्याला झाडावरून खाली घेतलं आणि असा फोडून काढला, की नवऱ्याला मधे पडावं लागलं. नवरा मधे पडला म्हणजे प्रकरण किती थराला गेलं असेल ते समजून घ्या.

असं सगळं बरं चाललं होतं, तेवढ्यात कंपनीचा माणूस आला. लाँचमधून उतरला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बूट हातात. शाळेच्या अंगणात सगळ्यांना बसवलं आणि मोठ्या अदबीनं म्हणाला, “तुमच्या घरांना आम्ही हात लावणार नाही. झाडांना लावणार नाही. विहिरी तुमच्याच. आम्हाला फक्त किनाऱ्याची वाळू हवी आहे. तिच्यावरची वहिवाट तेवढी सोडा.”

गावानं एकमेकांकडे पाहिलं आणि मग जो काही हशा पिकला! बेटावरच्या माणसांच्या लेखी जमीन म्हणजे काय, तर जिथं काही उगवतं ती. वाळूला कुणी जमीन म्हणतच नसे. ती आज इथं असते, वादळ झालं की उद्या तिथं असते. तिला कुंपण नाही, बांध नाही, तिच्यावरून भावाभावांची डोकी फुटलेली नाहीत. ती समुद्राची. समुद्राची वस्तू विकायची आणि पैसे आपण घ्यायचे! हा माणूस वेडा आहे की काय म्हणून बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यात सगळ्यात मोठं हसू अर्थात वहिनीचं. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, “अहो साहेब, वाळूबरोबर थोडा वारापण बांधून देऊ का?”

पुन्हा हशा. तो माणूसही हसला. त्याला काय, हसायला पैसे पडत नव्हते.

घरी येताना नवरा एवढंच म्हणाला, “वाळू कशाला विकत घेईल कुणी? काहीतरी असेल.”

“असेना का! तुम्हाला प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतं.” वहिनीनं त्याला उडवून लावलं. गावात कुणी कां-कूं करत होतं त्यांनाही तिनंच समजावलं. घर आपलं, झाडं आपली, मग अडलंय कुठं? गावानं लिहून दिलं. पैसे आले, वाटले गेले, पत्रे बदलले, टीव्ही आले. कंपनीला कसं गंडवलं याच्या गप्पा वर्षभर पुरल्या.

अक्कल आली ती पहिला दोर बांधला गेला तेव्हा. दोर म्हणजे नाव ओढायचा नव्हे, वाळूवर खांब रोवून अडवायचा. त्याच्या अलीकडे गणवेशातला वॉचमन. मासे सुकवायला गेलेल्या बायकांना तो म्हणाला, “इथं नाही चालणार.” मग कुठं चालणार? तर तुमच्या परसात. परसात सुकवले तर दोन महिन्यांनी कंपनीचं माणूस आलं, हॉटेलातल्या पाहुण्यांना वास येतो म्हणून. वाळूवर आरामखुर्च्या आल्या, छत्र्या आल्या, मधोमध भलामोठा लाकडी चौथरा आला, रात्री त्याच्यावर दिवे आणि गाणी. नावा ओढायला एक पट्टा ठेवला होता, तोही वर्षागणिक आकसत गेला. घरं सगळ्यांची होती तिथंच होती. फक्त घरातून समुद्रावर जायला वाट राहिली नाही.

मग एकेकानं नावा काढायला सुरुवात केली. त्यासुद्धा कंपनीनंच घेतल्या, मन मोठं ना त्यांचं! एक मधून कापून उभी केली आणि तिच्यात बाटल्या मांडल्या. दोन नावांत माती भरून फुलं लावली. नाववाले युनिफॉर्म घालून बागेत पाणी घालायला लागले, आणि त्यांतल्या एकाच्या वाट्याला नेमकी स्वतःचीच नाव आली. रोज सकाळी तो तिच्यात झारीनं पाणी ओतायचा. त्याची लोक चेष्टा करायचे, तोही हसायचा. मग एक दिवस त्यानं दुसरीकडे बदली मागून घेतली.

नणंद लाँड्रीत लागली. वहिनीची सून खोल्या आवरायला जाऊ लागली. नवरा मधल्या काळात तापानं गेला. आयुष्यभर समुद्रात राहून समुद्रानं त्याला कधी खरचटलंसुद्धा नव्हतं, अंथरुणात गेला. शेवटपर्यंत त्यानं त्या वाळूचा विषय काढला नाही. काढला असता तर वहिनीला जरा बरं वाटलं असतं. भांडता तरी आलं असतं.

राहिला लेक. त्याचं एकच, मी नाव सोडणार नाही. नणंदेचा मुलगा त्याच्या जोडीला. अख्ख्या बेटावर आता ही एकच नाव समुद्रावर जात होती आणि ओढायला होते ते कोण, तर वहिनी, सून, नणंद आणि त्या वेळी ज्याची ड्युटी सुटली असेल तो. पण येत होते. हाळी ऐकली की लाँड्रीच्या मागच्या दारातून नणंद ओल्या हातांनी धावत यायची, सुपरवायझर मागून ओरडत राहायचा.

आणि मग मॅनेजरनं लेकाला निरोप धाडला, की पुढच्या महिन्यापासून उरलेला पट्टाही बंद. तिथं मसाज करायच्या झोपड्या होणार.

लेक त्या दिवशी जेवला नाही. “घालीन बागेत पाणी,” एवढंच म्हणाला. हा पोरगा जमिनीवर चालतानासुद्धा पाय फाकून चालायचा, नावेत उभा असल्यासारखा. हा झारी घेऊन फिरणार? वहिनीनं पातळ बदललं आणि लेकाला घेऊन सरळ मॅनेजरच्या ऑफिसात जाऊन उभी राहिली.

मॅनेजर तरुण होता, गोड बोलायचा. वाईट नव्हता हो, उगाच कशाला खोटं बोला! त्यानं खुर्ची दिली, थंड पाणी दिलं. वहिनी भांडायची सगळी तयारी करून गेली होती, पण त्यानं भांडूच दिलं नाही.

“काकू, परवा तुम्ही नाव ओढताना मी खिडकीतून पाहिलं. आमचे पाहुणे तर वेडे झाले! सगळे विचारतात, परत कधी आहे?”

“परत कधी म्हणजे? नाव येईल तेव्हा.”

“तेच तर. काकू, एक सुचवू का? रोज चहाच्या वेळेला तुम्ही ती हाक मारायची. आम्ही एक छोटी नाव ठेवू, पाहुणे ओढतील, फोटो काढतील. पाव तासाचं काम. तुम्ही एवढं केलंत तर खडकाजवळचा पट्टा मी तुमच्या मुलासाठी मोकळा ठेवतो. शब्द देतो. झोपड्या दुसरीकडे बांधू.”

वहिनी म्हणाली, “हाळी अशी देत नसतात.”

“का बरं?”

आता याला काय सांगायचं? नाव नसताना हाळी देणं म्हणजे काय, हे त्याला सांगायला बेटावर जन्म घ्यावा लागला असता. ती नुसतीच म्हणाली, “नसतात देत.”

लेक खाली बघत होता. “आई, तू नाही म्हण. चल. माझं बघू काहीतरी,” तो हळूच म्हणाला.

तो ‘नाही म्हण’ म्हणाला म्हणूनच तिनं हो म्हटलं. आईचं असंच असतं.

पहिल्या दिवशी कंपनीनं दिलेलं भडक पातळ नेसून ती वाळूवर उभी राहिली. समोर एक रंगवलेली हलकी नाव, आत ना जाळं ना मासा, तळाला गुळगुळीत पत्रा मारलेला. सगळे पाहुणे हातात दोर धरून हसत उभे. मॅनेजरनं अंगठा वर करून दाखवला. शेवटी तिनं डोळे मिटले आणि दिली.

“दोराला धावाऽऽ!”

लाँड्रीचं मागचं दार धाडकन उघडलं. नणंद धावत आली, हात कोपरापर्यंत साबणात. तिच्यामागून स्वयंपाकघरातला आचारी आला, बागेतले दोघे आले, वॉचमनसुद्धा आला. वाळूवर येऊन बघतात तर काय, समुद्र सपाट, रंगीत नाव, आणि टाळ्या वाजवणारे पाहुणे. सगळे जागच्या जागी थांबले. नणंदेनं वहिनीकडे पाहिलं, पातळाकडे पाहिलं. वहिनीनं मान फिरवली.

मॅनेजर हसत पुढे आला. “अरे, तुमच्यासाठी नाही हे! जा, आपापल्या कामाला लागा.”

दुसऱ्या दिवशीही नणंद दारापर्यंत आली आणि परत गेली. तिसऱ्या दिवशी आली नाही. पुढे पुढे कुणी मानही वर करेना. उलट हाळी ऐकली की आचारी चहाचं आधण ठेवायला लागला.

पाहुण्यांचं ओढणं म्हणजे तर काय बोलायचं! लाट कुठं, दोर कुठं. सुरुवातीला वहिनी “ओढ” आणि “धर” म्हणत होती, पण ऐकतोय कोण? ते आपले आरोळ्या ठोकत, एक-दोन-तीन करत वाटेल तेव्हा खेचायचे. नाव इतकी हलकी, की ती कशीही यायची. मग टाळ्या, मग फोटो. एकीनं तर वहिनीच्या गळ्यात हात टाकला आणि विचारलं, “तुम्ही आधीपासून हे करता?” वहिनीला हसावं की तिच्या झिंज्या उपटाव्यात ते कळेना. काही दिवसांनी तिनं लाटेकडे बघणंच सोडून दिलं.

पण पट्टा मोकळा होता. मॅनेजरनं शब्द पाळला, ते नाकारता येणार नाही. लेक रोज जात होता आणि येताना बरंच काही आणत होता. त्याची नाव आली की वहिनी मोठ्यानं हाळी न देता खडकावरून सुनेला नुसता हात करायची, घरची चार माणसं यायची, कशीबशी नाव वर घ्यायची. हवा चांगली होती तोवर ते निभलं. त्यानं घरी येऊन ताटावर बसावं आणि आज पाण्याचा रंग कसा होता ते सांगावं, एवढ्यासाठी वहिनी दिवसातला पाव तास विकत होती. त्यात तिला लाज वाटायची आणि ते तिला परवडतही होतं.

तो दिवस असाच होता. सकाळी चांगलं ऊन. जेवणं झाल्यावर एकाएकी वारा फिरला. वहिनी परसात भांडी घासत होती, तिनं वर पाहिलं आणि हातातलं पातेलं टाकून निघाली. खडकाजवळ पोचेपर्यंत समुद्र उठला होता. आणि त्यात ती नाव, एकदा दिसायची, एकदा दिसेनाशी व्हायची. आत लेक आणि नणंदेचा मुलगा.

चौघांचं काम नव्हतं हे. त्या समुद्रात नाव किनाऱ्याला लागली की पहिल्या दोन-तीन लाटांत वर घ्यायला हवी, नाहीतर खडक आहेतच. सगळं गाव हवं होतं. वहिनीनं छाती भरून घेतली आणि हाळी दिली. कित्येक महिन्यांत दिली नव्हती अशी.

“दोराला धावाऽऽ! धावा रेऽऽ!”

कुणी आलं नाही.

लाँड्रीच्या खिडक्या वाऱ्यामुळे बंद होत्या, आत मशिनं घरघरत होती. तरी हाळी आत पोचली. पोचायचीच, तोफच ती. नणंद चादरींच्या घड्या घालत होती. शेजारणीला म्हणाली, “आज लवकर लावलं वाटतं वहिनीनं. पाऊस यायच्या आत उरकून घेत असतील.” आणि तिनं पुढची चादर घेतली. तिचा स्वतःचा मुलगा त्या नावेत होता. सून वरच्या मजल्यावर झाडायचं मशीन फिरवत होती, तिला ऐकूसुद्धा आलं नाही. आचाऱ्यानं चहाचं आधण ठेवलं.

वहिनीनं पुन्हा हाळी दिली. आणखी एकदा दिली. आवाज फाटला.

तेव्हा माणसं आली. चौथऱ्यावरून पळत, खिदळत, फोन वर धरून. पाहुणे! वादळात खेळ आहे म्हटल्यावर त्यांना केवढा आनंद! नाव तेवढ्यात वाळूला टेकली होती. लेकानं दोर फेकला होता, तो पाहुण्यांनी धरला. हात पुष्कळ होते, तगडे होते, मनापासून मदतीला आले होते. वहिनी पाण्यात कमरेपर्यंत उतरून ओरडत होती, “थांबा! मी सांगेन तेव्हा! लाट परततेय, धरा नुसतं, धरा!” त्यांना वाटलं, हे रोजचंच. त्यांनी एक-दोन-तीन म्हटलं आणि जिवाच्या आकांतानं खेचलं.

नाव आडवी झाली. नणंदेचा मुलगा पलीकडे फेकला गेला म्हणून वाचला. लेक अलीकडच्या अंगाला, नाव सावरायला पाण्यात उतरला होता. तो खाली गेला.

“सोडा रे! दोर सोडा! सोडाऽऽ!”

त्यांनी दोर सोडला, पण पुढची लाट आली ती नावेला घेऊन त्याच्या पायावरच आली. तरी मागे कुणीतरी टाळ्या वाजवत होतं. मग हळूहळू त्या थांबल्या.

कंपनीनं आपली लाँच लगेच दिली, पलीकडच्या मोठ्या दवाखान्यापर्यंत पोचवलं, मॅनेजर स्वतः बरोबर गेला. त्यात काही कसूर केली नाही. पाय गुडघ्यापासून काढावा लागला. नावेचं काय झालं असेल ते सांगायला नको. खडकांनी रात्रभरात तिचं सरपण केलं.

नणंद घरी आली आणि वहिनीच्या पायावर कोसळली. “वहिनी, मला वाटलं खेळच गं! मला वाटलं खेळच!” वहिनीनं तिला उठवलं नाही आणि लाथाडलंही नाही. तिला काय बोलणार? मुलाला झाडावरून उतरवून मारणारी ती, आणि रोज चहाच्या वेळेला तेच करणारीही तीच. नणंदेचे कान तिनंच बहिरे केले होते. ती नुसती तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली.

लेक घरी आला. खडकाजवळच्या पट्ट्यावर झोपड्यांचं काम सुरू झालं, आता तिथं कुणाची नाव येणार होती? वहिनीनं भडक पातळ धुऊन, घडी करून सुनेच्या हाती परत पाठवलं. निरोप दिला की मी येणार नाही. मॅनेजर चिडला नाही. उलट काही दिवसांनी फळांची टोपली घेऊन स्वतः घरी आला. दारातच बूट काढले. लेकाची विचारपूस केली, तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

“काकू, तुम्ही काहीच काळजी करू नका,” मॅनेजर म्हणाला. “तुम्हाला यायची गरजच नाही. आपल्याकडे तुमचा आवाज आहे.”

“कुठला आवाज?”

“त्या दिवशी एका पाहुण्यानं फोनवर घेतलं होतं. मुद्दाम पाठवून दिलंय त्यांनी. स्पीकरवर लावून पाहिलं, काय स्पष्ट येतंय! तुम्हाला महिन्याचं थोडं मिळत राहील, बसल्या जागी.” मग अगदी मनापासून, कौतुकानं म्हणाला, “आणि खरं सांगू काकू? इतके महिने तुम्ही हाक मारत होता, पण त्या दिवशी जो जीव होता ना त्यात, तो आधी कधी आलाच नव्हता.”

वहिनीला तोफ म्हणणाऱ्यांनी त्या वेळी तिला बघायला हवं होतं. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण ओरडायला लागणारा आवाजच त्याच्याकडे होता, फोनमध्ये. तिनं फळांची टोपली उचलली आणि अंगणात भिरकावली. मॅनेजरनं बूट घातले, फळं टाळून वाट काढत निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. सून कामावर होती. वहिनी चूल सारवत होती, लेक पलंगावर पडला होता, डोळा लागला होता. आणि कुंपणापलीकडून आली.

“दोराला धावाऽऽ! धावा रेऽऽ!”

लेक झोपेतून ताडकन उठला. जन्मभराची सवय. हाळी आली की आधी पाय धावतात, माणूस मागून जागा होतो. तो उभा राहायला गेला आणि नसलेल्या पायावर भार देऊन जमिनीवर तोंडघशी पडला. पलीकडे तिचाच फाटका आवाज दुसऱ्यांदा हाका मारत होता, तिसऱ्यांदा मारत होता. ‘थांबा’ म्हणालेलं, ‘सोडा रे’ म्हणालेलं, तेवढं त्यांनी नीट कापून टाकलं होतं.

त्याला चार महिने झाले. अजून तसंच होतं. डॉक्टर म्हणतात, जाईल सवय. जागा असला तरी त्याचं अंग उसळतं, आणि झोपेत असला तर विचारूच नका. म्हणून वहिनी आता दुपारची कामं आधीच उरकते, खिडकी लावते, दार लावते आणि चहाच्या वेळेच्या जरा आधी त्याच्या पलंगावर जाऊन बसते. पलीकडे स्पीकरवर ती ओरडायला लागली की इकडे दोन्ही हातांनी त्याचे खांदे दाबून धरते. टाळ्या संपेपर्यंत ती त्याला सोडत नाही.